‘बाप चांगला होता हो’ : बाप पोटच्या पोरांना मारतो त्याआधीच्या खुणा

रोमन बापाला पोरांच्या जिवावर हक्क होता वगैरे सोडून देऊ. इंग्लंडने 1922 मध्ये तान्ह्या बाळाला मारणाऱ्या आईसाठी वेगळा कायदा केला, बाळंतपणानंतरची मनःस्थिती धरून. बाप मात्र सरळ खुनी, त्याच्या घरात आधी काय चाललं होतं ते विचारायची कायद्याला गरजच नव्हती.

1969 ला एका अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने जुन्या लेखांमधून 131 केसेस काढल्या, 88 आया आणि 43 बाप. हेतूवरून पाच गट पाडले आणि माझ्या मते घोळ तिथेच झाला. सगळ्यात मोठ्या गटाचं नाव ‘परोपकारी’! म्हणजे माझ्यामागे पोरांचं कोण बघणार, त्यापेक्षा बरोबर घेऊन जातो, असला हिशोब. आता हे मारणाऱ्याच्या डोक्यातलं वर्णन आहे, त्याला शाबासकी नाही, पण शब्द एकदा चिकटला की चिकटला. आपल्याकडे पेपरात बघा, कर्जबाजारी माणूस बायकापोरांना मारून स्वतः लटकतो आणि हेडिंग काय, तर ‘कुटुंबाची सामूहिक आत्महत्या’. चार वर्षांचं पोरगं आत्महत्या करतं का? आणि ‘जोडीदारावर सूड’ हा त्या यादीत सगळ्यात छोटा गट होता, पण बायको सोडून गेलेल्या बापात माया कुठे संपते आणि सूड कुठे सुरू होतो हे कोण ठरवणार, मारणारा तर बऱ्याचदा स्वतःही मेलेला असतो.

म्हणून पुढे अभ्यासक हेतूपेक्षा आधीच्या खुणा बघायला लागले. नुकतं वेगळं होणं, मुलांच्या ताब्याची भांडणं, मरण्या-मारण्याच्या धमक्या, गळा दाबणं, पाळत ठेवणं, पैसा-फोन-नातेवाईक सगळ्यावर कंट्रोल, त्यात डिप्रेशन किंवा नोकरी गेलेली. यातली एकच गोष्ट दिसली तर फार अर्थ नसतो, पण चार-पाच एकत्र आल्या की घाबरायला हवं. गोची अशी की हे सगळं ‘नवरा-बायकोचं भांडण’ म्हणून आईच्या फाइलीत जायचं, मुलांच्या नावाने काहीच नाही.

ऑस्ट्रेलियात हे फार उघडं पडलं. 2006 च्या तिथल्या कायद्यात मुलांची जबाबदारी दोघांची सारखी हे गृहीत धरलं, हिंसेचा अपवाद होता, पण दुसऱ्या पालकाशी नातं टिकवायला मदत न करणारा कोर्टाच्या नजरेत उणा ठरायचा, मग भीती वाटते म्हणून सांगायचं कसं? नातं टिकवायला मदत करायची ती अट 2012 ला गेली. 2014 मध्ये तिथल्या व्हिक्टोरिया राज्यात एका बापाने 11 वर्षांच्या मुलाला क्रिकेटच्या सरावानंतर मैदानातच मारलं, आईने आधीच कोर्टाचा मनाई हुकूम घेतलेला असताना. मग चौकशी बसली, 2016 ला 227 शिफारशी आल्या, खात्यांनी एकमेकांना माहिती द्यायची आणि मुलाचा धोका वेगळा मोजायचा असं ठरलं. 2020 ला ब्रिस्बेनमध्ये बापाच्या हातून तीन मुलं आणि त्यांची आई गेली तेव्हाही एक पोलीस अधिकारी ‘नवऱ्याला कोणी इतकं टोकाला ढकललं का’ अशा अर्थाचं बोलून बसला आणि तपासातून बाहेर झाला. सारख्या जबाबदारीचं ते गृहीतक मे 2024 मध्ये कायद्यातून निघालं.