लक्षद्वीपचे निळे पाणी आणि मालवणचा 'गढूळ' समुद्र

लक्षद्वीप पाहून परतलेली मंडळी मालवणचा समुद्र गढूळ, म्हणून अस्वच्छ ठरवतात. हा समज चुकीचा आहे. लक्षद्वीपच्या प्रवाळबेटांवर एकही नदी नसल्याने गाळ येत नाही, आणि पाणी लाल प्रकाश शोषून घेत असल्यामुळे उथळ तळाच्या पांढऱ्या वाळूवरून निळा-हिरवा प्रकाशच परततो. आपल्याकडे मात्र कर्ली, गड यांसारख्या नद्या पावसाळ्यात सह्याद्रीची माती आणतात, आणि पोषक द्रव्यांवर वाढणाऱ्या प्लवकांमुळे, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे, पाण्याला हिरवट छटा येते. त्याच प्लवकांवर आपली तारली मासळी पोसली जाते, हे विसरणे मला अन्यायाचे वाटते. हिवाळ्यात पाणी निवळले की सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती प्रवाळही दिसतात.