एकक तेच, माप मात्र वेगळं: सीए १५-३ समजून घेताना

स्तनाच्या कर्करोगाचे उपचार चालू असलेल्या घरात एक आकडा सगळ्यांना पाठ असतो. रक्तातल्या सीए १५-३ या मार्करचा, म्हणजे कर्करोगाचा माग देणाऱ्या पदार्थाचा. मागच्या वेळी तो आला २६, आता ३४. दरम्यान लॅब बदललेली असते, पण दोन्ही रिपोर्टांवर एकक एकच, यू/एमएल (युनिट प्रति मिलिलिटर). मग आजार वाढला असंच सगळे धरून चालतात. हे आकडे असे शेजारी ठेवून वाचता येत नाहीत, आणि त्याचं कारण फार सुंदर आहे.

दुधाच्या नलिकांच्या अस्तरातल्या पेशींवर म्यूक-१ नावाचं लांबलचक प्रथिन असतं, शर्करांच्या साखळ्यांनी मढलेलं. निरोगी पेशी ते फक्त नलिकेच्या पोकळीकडच्या अंगाला मांडते. त्यामुळे सुटलेले तुकडे पोकळीत जातात, रक्तात फारसे येत नाहीत. कर्करोगाच्या पेशीला हे दिशाभान उरत नाही. म्यूक-१ तिच्या सगळ्या अंगांवर येतं आणि त्याचे तुकडे रक्तात उतरतात.

सीए १५-३ चाचणी हेच तुकडे मोजते. ते पकडायला दोन प्रतिपिंडं (ठरावीक रेणूलाच चिकटणारी प्रथिनं) लागतात. पहिलं ११५डी८, मानवी दुधातल्या स्निग्धकणांच्या आवरणाविरुद्ध तयार केलेलं. दुसरं डीएफ३, पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या पेशी वापरून मिळवलेलं. चाचणीच्या नावातले १५ आणि ३ इथूनच आले. एक प्रतिपिंड तुकडा धरून ठेवतं, दुसरं त्यावर खुणेचा रेणू घेऊन बसतं आणि यंत्र त्या खुणेचा संकेत मोजतं. आता गंमत अशी, की म्यूक-१ मध्ये २० अमिनो आम्लांचा एक पट्टा पुन्हापुन्हा येतो, आणि तो किती वेळा यायचा हे माणसागणिक आनुवंशिकतेनं ठरतं. डीएफ३ नेमकं या पट्ट्यावर बसतं, त्यामुळे एकाच तुकड्यावर ते बसायच्या जागा कमीजास्त असतात. म्हणजे संकेतावरून रेणूंची संख्याही कळत नाही आणि त्यांचं वजनही. सीईए या दुसऱ्या मार्करचा रिपोर्ट नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे वजनात येतो. सीए १५-३ चं ‘युनिट’ मात्र ठरवून घेतलेलं आहे. पूर्वी पायलीचं माप गावागणिक बदलायचं, तसं हे युनिट कंपनीच्या किटनुसार थोडंफार बदलतं. उलट केयू/एल (किलोयुनिट प्रति लिटर) लिहिलेलं दिसलं तर घाबरू नये. यू/एमएलमधला आकडा तिथे जसाच्या तसा राहतो.

नेहमीची मर्यादा २५ ते ३० च्या आसपास असते. यकृताचा दाह, अंडाशयातली गाठ, स्तनपान यांतही आकडा वाढतो. आणि सुरुवातीच्या टप्प्यातल्या कर्करोगात तो बहुधा वाढतच नाही. म्हणून निरोगी बायकांना ‘कॅन्सर मार्कर’सह विकली जाणारी तपासणी पॅकेजेस मला सरळ चुकीची वाटतात. अमुक काढ्यानं मार्कर ३१ वरून २८ वर आला, हा दावाही तसाच पोकळ. एवढा फरक काहीही न घेता पडतो.

या चाचणीचा खरा उपयोग पसरलेल्या आजारात, स्कॅन आणि लक्षणांच्या जोडीनं होतो. तिथेही नवे उपचार सुरू झाल्यावर पहिल्या ४ ते ६ आठवड्यांत आकडा तात्पुरता चढू शकतो. औषध लागू पडत असतानाही हे घडतं, त्यामुळे तेवढ्यावरून उपचार बदलत नाहीत.

शक्यतो एकाच लॅबमध्ये, एकाच पद्धतीनं तपासणी करावी. पद्धतीचं नाव अनेकदा रिपोर्टवर बारीक अक्षरात असतं. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याआधी सांगावं. काही यंत्रांत प्रतिपिंडाला धरून ठेवायला बायोटिनच वापरतात, आणि रक्तात ते जास्त असलं तर आकडा खोटा कमी येतो.