एमए क्लिनिकल म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट नव्हे

‘आपल्या भागात चांगला थेरपिस्ट कोण?’ असं सोसायटीच्या ग्रुपवर कुणी विचारलं की भराभर नंबर येतात. डॉक्टर, काउन्सेलर, लाईफ कोच, सगळे एकाच रांगेत.

सायकिअ‍ॅट्रिस्ट आणि सायकॉलॉजिस्ट यांतला फरक आता बहुतेकांना ठाऊक असतो. पहिला एमबीबीएसनंतर मानसोपचारात एमडी किंवा डीएनबी केलेला डॉक्टर, औषधं तो देतो. दुसरा औषधं देत नाही. झालं.

घोळ होतो तो सायकॉलॉजिस्टांच्या आतच. पाटीवर ‘एमए, क्लिनिकल सायकॉलॉजी’ दिसलं की लोक ठरवून टाकतात, हा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. तसं नसतं. पुनर्वसन परिषदेची मान्यता नसलेल्या नुसत्या एमएवर कुणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही, मग विषयाचं नाव काहीही असो. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात याची व्याख्याच दिलेली आहे: पुनर्वसन परिषदेने (आरसीआय, या क्षेत्रातल्या व्यावसायिकांची नोंदणी ठेवणारी सरकारी संस्था) मान्य केलेल्या संस्थेतली क्लिनिकल सायकॉलॉजीची पात्रता, किंवा एमएनंतर दोन वर्षांचं पूर्णवेळ एमफिल, तेही देखरेखीखाली रुग्ण तपासत केलेलं.

ती दोन वर्षं म्हणजे कागदी सोपस्कार नव्हेत. वॉर्डात आणि ओपीडीत स्किझोफ्रेनिया, ओसीडी (तेच विचार, त्याच कृती पुन्हापुन्हा), बायपोलर, व्यसनं असे पेशंट रोज समोर येतात, चाचण्या घेऊन रिपोर्ट लिहावे लागतात आणि वरचे लोक ते तपासतात. असं काही न पाहिलेल्या माणसाकडे नैराश्यातला पेशंट एक दिवस उत्साहाने बोलत आला, झोप कमी, नव्या धंद्याच्या योजना, तर तो ‘छान प्रगती’ म्हणून मोकळा होईल. वॉर्ड पाहिलेल्याला तिथे मेनियाची, म्हणजे बायपोलरमधल्या अतिउत्साहाच्या टप्प्याची, शंका यायला हवी. थायरॉइडचा थकवा आणि नैराश्य यांतली गल्लतही तशीच.

आरसीआयचा नोंदणी नंबर विचारणारेही अर्ध्यावर थांबतात. त्या रजिस्टरमध्ये स्पेशल एज्युकेटर असतात, स्पीच थेरपिस्टही असतात. नंबर खरा असू शकतो आणि माणूस भलत्याच कामाचा. म्हणून परिषदेच्या वेबसाइटवर नाव शोधा आणि पुढे कोणता प्रवर्ग लिहिलाय ते वाचा. एखाद्या संघटनेचं सदस्यत्व भिंतीवर फ्रेम करून लावलेलं असतं, ती नोंदणी नव्हे. नावामागचं ‘डॉ.’ पीएचडीचंही असतं, आणि ती भलत्याच विषयातलीही असू शकते.

याचा अर्थ काउन्सेलर टाकाऊ, असा मुळीच नाही. घटस्फोट, घरातला मृत्यू, नोकरीतला ताण, सासर-माहेरची ओढाताण यांसाठी मी स्वतः चांगल्या काउन्सेलरकडेच पाठवेन. नुसतं एमए केलेल्या काउन्सेलरकडे आरसीआयचा नंबर मागून त्याला खोटं ठरवणंही चूकच. परिषदेची मान्यता नसलेल्या पदवीवर तो मिळत नाही. त्याला विचारायचं ते वेगळं: तुमच्या केसेस तुम्ही कोणाशी चर्चा करता, आणि कोणते पेशंट तुम्ही घेत नाही? दुसऱ्या प्रश्नावर ‘सगळे घेतो’ हे उत्तर आलं तर फोन ठेवा. आत्महत्येचे विचार, भास, टोकाचा ओसीडी असेल तर सुरुवात सायकिअ‍ॅट्रिस्ट किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडूनच करावी, शक्यतो दोघांचा एकमेकांशी संपर्क असेल अशी जोडी बघून.

बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धी सांगणारे आणि तीन सेशनमध्ये अवचेतन मन बदलून देणारे काउन्सेलर आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट या दोन्हींत बसत नाहीत. त्यांना शास्त्रीय आधार नाही, फी मात्र भरपूर.

फी परवडत नसेल तर जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलची मानसोपचार ओपीडी बघा. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला सरकारी मनोरुग्णालयं आहेत, आणि तिथेही बाह्यरुग्ण तपासले जातात. नावाला घाबरू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. दर आठवड्याच्या थेरपीची जागा तो घेणार नाही, पण जवळ कुठे जायचं हे तिथे विचारता येतं.