विसावा (ख्रिस्ती धर्मसंकल्पना)

आजारपण, मृत्यू, दुष्काळ, पूर, बेकारी किंवा छळ यांनी खचलेल्या माणसाला देवावरील विश्वासातून विसावा मिळतो, त्या विसाव्यातून बळ येते आणि मोडलेले जगणे पुन्हा उभे राहते, ही ख्रिस्ती धर्मातील एक मध्यवर्ती धारणा आहे. विसावा, बळ आणि नवेपण या तीन गोष्टींचा त्यातील क्रम महत्त्वाचा आहे. माणसाने आधी धैर्य गोळा करावे आणि मग त्याला शांती लाभावी, असे ही परंपरा मानत नाही. थकलेल्याला आधी टेकायला जागा मिळते आणि बळ त्यानंतर येते, असे ती मानते. कोल्हापूर शहर व जिल्ह्यातील ख्रिस्ती मंडळ्यांच्या (चर्चच्या स्थानिक समुदायांच्या) उपासनेत, घरगुती प्रार्थनांत आणि दुःखाच्या प्रसंगी पाळल्या जाणाऱ्या रीतींत ही धारणा आजही दिसते.

या संकल्पनेचे मूळ बायबलमध्ये आहे आणि तिचे सर्वांत तपशीलवार चित्र पहिले राजे या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात आढळते. ईजबेल राणीने जिवे मारण्याची धमकी दिल्यावर एलीया हा संदेष्टा, म्हणजे देवाचा निरोप सांगणारा, बैर-शेबा गावापर्यंत पळतो, आपल्या सेवकाला तेथे सोडतो, एकटाच रानात एक दिवसाची वाट चालून जातो आणि एका झुडपाखाली बसून मरण मागतो. यापूर्वीच्याच अध्यायात त्याने कर्मेल डोंगरावर मोठा विजय मिळवलेला असतो, हे लक्षात घेतले म्हणजे त्याच्या खचण्याची खोली कळते. त्याला उत्तर म्हणून उपदेश मिळत नाही. तो झोपतो, देवदूत त्याला उठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, तो पुन्हा झोपतो, पुन्हा उठवला जातो आणि पुन्हा जेवतो. त्या अन्नाच्या बळावर तो चाळीस दिवस व चाळीस रात्री चालून होरेब डोंगराला पोहोचतो. तेथे सोसाट्याचा वारा, भूकंप आणि अग्नी यांनंतर त्याला एक शांत, मंद वाणी ऐकू येते. ती वाणी त्याला पुढची कामे नेमून देते, अलीशा हा सहकारी देते आणि बआल या परक्या दैवतापुढे न वाकलेली सात हजार माणसे इस्राएलात अजून आहेत, असे सांगते. झोप, भाकर, चाल, मौन, काम आणि सोबत असा हा क्रम आहे. खचलेल्या माणसाला पहिल्याच भेटीत श्रद्धा कमी पडल्याबद्दल बोल लावणाऱ्यांनी हा अध्याय पुन्हा वाचावा, असे अनेक पाळक (मंडळीचे धर्मगुरू) सांगतात आणि त्यात तथ्य आहे.

विसाव्याचा दुसरा आधार म्हणजे शब्बाथ, म्हणजेच आठवड्यातील विश्रांतीचा दिवस. दहा आज्ञांमध्ये ही आज्ञा दोन ठिकाणी येते आणि तिची कारणे वेगवेगळी दिली आहेत. निर्गम या पुस्तकात देवाने सहा दिवसांत सृष्टी निर्माण करून सातव्या दिवशी विसावा घेतला, हे कारण आहे. अनुवाद या पुस्तकात इस्राएल लोक मिसर (इजिप्त) देशात गुलाम होते, ही आठवण कारण म्हणून दिली आहे. दुसऱ्या कारणामुळे विश्रांती ही घरधन्याची मिरास राहत नाही. दास, दासी, परका आणि बैल-गाढव यांनाही ती द्यावी लागते. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात हीच कल्पना पुढे नेऊन देवाच्या लोकांसाठी शब्बाथाचा विसावा अजून राखून ठेवलेला आहे, असे म्हटले आहे. ख्रिस्ती परंपरेने सातव्या दिवसाऐवजी पहिला दिवस, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाचा रविवार, उपासनेसाठी धरला आणि त्यामुळे आठवड्याची सुरुवातच विसाव्याने होऊ लागली.

नव्या बळाची भाषा मुख्यतः बंदिवासातून आली. इ.स.पू. 586 मध्ये बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याने यरुशलेम व तेथील मंदिर उद्ध्वस्त केले आणि अनेक लोकांना कैद करून नेले. त्या पिढीला उद्देशून असलेल्या यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या चाळिसाव्या अध्यायात परमेश्वराची आशा धरून राहणारे नवीन शक्ती मिळवतील, गरुडांसारखे वर उडतील, धावून दमणार नाहीत आणि चालून थकणार नाहीत, असे वचन आहे. कोल्हापुरातील अनेक ख्रिस्ती घरांत भिंतीवरच्या तसबिरींत किंवा कॅलेंडरांवर ते आढळते. तसबिरीत मात्र गरुडच ठळक असतो. मूळ वचनाचा उतार उडण्याकडून धावण्याकडे आणि धावण्याकडून नुसत्या चालण्याकडे आहे, ही बाब त्यात सहसा दिसत नाही. ज्याला रोज पाऊल टाकणेही जड जाते, त्याच्यासाठी तो शेवटचा भागच मोलाचा ठरतो.

याच विनाशातून विलापगीत हे पुस्तकही निर्माण झाले. देवाची दया रोज सकाळी नवी होते, हे त्यातील प्रसिद्ध वाक्य पुस्तकाच्या मध्यावर, उपासमार आणि रडण्याच्या वर्णनांच्या ऐन गर्दीत येते. स्तोत्रसंहितेतील दीडशे स्तोत्रांतही विलापाची स्तोत्रे फार मोठ्या संख्येने आहेत. त्यांपैकी बहुतेक तक्रारीने सुरू होऊन विश्वासाच्या उद्गाराकडे वळतात, परंतु अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र वळतच नाही. ते अंधारात संपते. अशा स्तोत्राला पवित्र ग्रंथात जागा मिळाली, ही गोष्ट या संकल्पनेच्या आकलनासाठी फार महत्त्वाची आहे, कारण तिच्यामुळे तक्रार ही अश्रद्धा न ठरता प्रार्थनेचाच एक प्रकार ठरते. क्रुसावर असताना येशूने उच्चारलेला ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हा उद्गार बाविसाव्या स्तोत्राचाच आरंभ आहे.

शुभवर्तमानांतील, म्हणजे बायबलमधील येशूचे जीवन सांगणाऱ्या पुस्तकांतील, येशू स्वतः थकतो, एकांतात जातो आणि वादळात नावेच्या मागच्या बाजूस उशी घेऊन झोपतो. ‘अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन’ हे मत्तयाच्या अकराव्या अध्यायातील त्याचे आमंत्रण या संकल्पनेचे मुख्य सूत्र मानले जाते. त्याच्या पुढच्याच वाक्यात तो आपले जू घ्यायला सांगतो. जिथे बैलजोडी पाहिलेली माणसे अजून आहेत, त्या करवीर-पन्हाळ्याच्या भागात हे वाक्य समजावून सांगावे लागत नाही: जू काढून टाकले जात नाही, ते दोघांत वाटले जाते. येशूचा प्रेषित पौल याने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात शरीरातील काटा काढून टाकावा म्हणून तीनदा केलेल्या विनवणीचा उल्लेख आहे. काटा निघत नाही. ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ एवढे उत्तर मिळते.

कोल्हापुरात ही शिकवण प्रॉटेस्टंट मिशनच्या द्वारे रुजली. अमेरिकन मिशनरी रॉयल गूल्ड वाइल्डर हे 1852 मध्ये अहमदनगरहून कोल्हापुरास आले. त्यांना पाठवणाऱ्या मिशन संस्थेशी संबंध तुटल्यावर त्यांनी काही वर्षे हे काम स्वतंत्रपणे चालवले आणि पुढे ते काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेले. त्यांच्या नावाची आठवण शहरातील वाइल्डर मेमोरियल चर्चमध्ये राहिली आहे. पन्हाळा तालुक्यातील कोडोली हेही या मिशनचे जुने केंद्र होय. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे अनेक प्रॉटेस्टंट पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले आणि कोल्हापूर हा त्याचा एक धर्मप्रांत आहे. त्याखेरीज जिल्ह्यात रोमन कॅथलिक तसेच स्वतंत्र मंडळ्याही आहेत. खेड्यांतील मंडळ्यांत अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतून आलेल्या कुटुंबांचा वाटा मोठा होता. त्यांच्या बाबतीत ‘भाराक्रांत’ हा शब्द मनाच्या अवस्थेपुरता नव्हता. वेठ आणि ओझी त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या खरोखर वाहिलेली होती.

मिशनच्या कामात उपासना आणि रुग्णसेवा एकत्र होत्या. मिशनचे डॉक्टर विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत उभारलेले रुग्णालय दक्षिण महाराष्ट्रभर प्रसिद्ध झाले आणि कोल्हापुरातील मेरी वानलेस रुग्णालय त्याच परंपरेतील आहे. परिणामी येथील ख्रिस्ती समाजात परिचर्या हा अनेक कुटुंबांचा पिढीजात पेशा बनला. प्रार्थना करायची की डॉक्टरकडे जायचे, असा पेच जुन्या मंडळ्यांत फारसा निर्माण झाला नाही, याचे एक कारण बहुधा हेच असावे.

आज या धारणेचे सर्वांत ठळक रूप म्हणजे घरची प्रार्थना. घरात आजार, अपघात, नोकरी जाणे किंवा मृत्यू असा प्रसंग आला की पाळकसाहेब, मंडळीतील वडीलजन आणि महिला मंडळाच्या बायका संध्याकाळी त्या घरी जमतात. एखादे गीत, शास्त्रवाचन, थोडा बोध, प्रार्थना आणि शेवटी चहा असा साधा क्रम असतो. तेविसावे स्तोत्र अशा वेळी बहुधा सर्वांना पाठ असते. याकोबाच्या पत्रातील सूचनेनुसार काही मंडळ्यांत आजाऱ्याला तेल लावून त्याच्यासाठी प्रार्थना करतात. मृत्यूनंतरचे काही दिवस शेजारच्या ख्रिस्ती घरांतून, आणि बरेचदा हिंदू व मुसलमान शेजाऱ्यांकडूनही, डबे येतात. एलीयाच्या भाकरीची ही अगदी सरळ आवृत्ती आहे, जरी डबा आणणाऱ्यांच्या मनात तो अध्याय असेलच असे नाही. संकटातून बाहेर पडलेली व्यक्ती पुढे उपासनेत उभी राहून साक्ष देते. मंडळीच्या दृष्टीने नवेपणाची ती जाहीर खूण असते.

वार्षिक चक्रात उपवासकाळाचे चाळीस दिवस याच विषयाभोवती फिरतात. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) दुपारी अनेक मंडळ्यांत येशूच्या क्रुसावरील सात उद्गारांवर क्रमाने मनन होते आणि त्यागाचा तो उद्गारही त्या सातांत असतो. रविवारी पहाटेची पुनरुत्थानाची उपासना त्यानंतर येते. 2020 मध्ये टाळेबंदीमुळे चर्चची दारे बंद असताना ही उपासना घराघरांत मोबाईलच्या पडद्यावर झाली आणि घरची प्रार्थना हाच मंडळीचा मुख्य आधार ठरला.

पंचगंगेच्या पुरांनी या भाषेला स्थानिक अर्थ दिला आहे. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा पातळी आणि 43 फुटांना धोका पातळी धरली जाते. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेले आणि 2021 च्या जुलैमध्ये पुन्हा महापूर आला. शिरोळ व करवीर तालुक्यांतील अनेक गावे पाण्याखाली गेली. पुण्याहून बंगळूरकडे जाणारा महामार्ग बंद पडला आणि हजारो कुटुंबांना घरे सोडावी लागली. ‘पाणी माझ्या गळ्याशी येऊन ठेपले आहे’ हे एकोणसत्तराव्या स्तोत्रातील वाक्य अशा गावांत अलंकार राहत नाही. तू पाण्यातून चालशील तेव्हा मी तुझ्याबरोबर असेन, हे यशयातील वचनही पूर टळेल असे म्हणत नाही. ते सोबतीचे आश्वासन देते. पाणी ओसरल्यावर गाळ काढून, भिंती धुऊन पुन्हा राहायला जाण्यापूर्वी घराची प्रार्थना करण्याची रीत ख्रिस्ती कुटुंबांत आहे. तिच्यातील उपकारस्मरणाला हानीची यादीही जोडलेली असते.

विसाव्याची व्यावहारिक अडचण जिल्ह्याच्या अर्थव्यवस्थेत आहे. साखर कारखाने गळीत हंगामात अहोरात्र चालतात, इचलकरंजीतील यंत्रमाग बारा-बारा तासांच्या पाळ्यांत चालत आले आहेत आणि रुग्णालयातील परिचारिकेला रविवार मोकळा मिळेलच असे नाही. त्यामुळे अनेकांचा विसाव्याचा दिवस हा प्रत्यक्षात पाळी संपल्यानंतरचा तासभर असतो.

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाने या संकल्पनेला देशी रूप दिले. रेव्हरंड नारायण वामन टिळक (1861–1919) यांनी अभंग व ओवी यांत ख्रिस्तभक्ती मांडली आणि आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. त्यांची पदे कोल्हापूरच्या मंडळ्यांतही पेटी-तबल्यावर गायली जातात. पंडिता रमाबाई (1858–1922) यांनी दुष्काळात आईवडील गमावले, पुढे भाऊ व पती यांचे मृत्यू पाहिले आणि 1896–97 च्या दुष्काळात निराधार मुलींना आणून केडगावला मुक्ती मिशन उभे केले. त्यांच्या चरित्रात विसावा, बळ आणि काम यांचे नाते उपदेशापेक्षा स्पष्ट दिसते.

या धारणेवर दोन बाजूंनी आक्षेप घेतले जातात. धर्म पीडितांना गुंगी देतो आणि अन्याय सोसायला शिकवतो, ही कार्ल मार्क्सने 1844 मध्ये केलेली टीका पहिल्या बाजूची होय. संकटात ‘देवाची इच्छा’ म्हणून गप्प बसवले जाते तेथे ती लागू पडते. मारहाण सोसणाऱ्या स्त्रीला केवळ सहनशीलतेची वचने ऐकवणे हे त्याचे वाईट उदाहरण आहे. मात्र दासाच्या विश्रांतीसाठी मालकाला बांधून घेणारी शब्बाथाची आज्ञा त्याच ग्रंथात असल्याने ही टीका संपूर्ण परंपरेला लावता येत नाही. दुसरा आक्षेप ख्रिस्ती समाजाच्या आतून येतो. विश्वास पुरेसा असेल तर आजार बरा होईल आणि पैसा येईल, असे शिकवणारा समृद्धीवाद गेल्या काही दशकांत सभांतून व वाहिन्यांवरून पसरला. पौलाचा न निघालेला काटा आणि अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र यांच्याशी तो जुळत नाही, शिवाय बरे न झालेल्या रुग्णावर अपराधाचे आणखी एक ओझे टाकतो. दीर्घकाळ टिकणारे नैराश्य, निद्रानाश किंवा आत्महत्येचे विचार दिसल्यास प्रार्थनेबरोबरच मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवणे हे पाळकीय समुपदेशनात आता कर्तव्य मानले जाते, आणि पाळकांच्या प्रशिक्षणात समुपदेशन हा विषय शिकवला जातो.