जांभळी आयशॅडो घेण्याआधी हे वाचा

नमस्कार,

‘जांभळा मला शोभत नाही हो,’ असं आमच्या काउंटरवर रोज कोणी ना कोणी म्हणतं. आणि म्हणणाऱ्या ताईंच्याच कपाटात वांगी रंगाची इरकल असते, नवरात्रात जांभळ्या रंगाचा दिवस आला की हौसेनं बाहेर निघणारी. साडी खुलते तर पापणी का खुलू नये? नक्की खुलते. कोणता जांभळा घ्यायचा आणि तो कुठे लावायचा, एवढं मात्र कळायला हवं.

बारा शेडची नवी जांभळी पॅलेट आम्ही दुकानात ठेवली आहे. विकायला काढण्याआधी आम्ही तिघींनी ती तीन आठवडे स्वतःच्या डोळ्यांवर वापरली. आमच्यात एक गोरी, एक गव्हाळ आणि मी सावळी. त्यातून जे कळलं ते इथे लिहिलं आहे.

आपल्या रंगावर कोणती शेड?

पॅलेटमध्ये सहा मॅट म्हणजे बिनचमकीच्या आणि सहा शिमर म्हणजे चमकदार शेड आहेत. मॅटमध्ये पिकल्या जांभळाचा गडद रंग, वांगी, अंजिरी, डाळिंबीकडे झुकणारा एक, मातकट जांभळट तपकिरी आणि फिका लव्हेंडर.

गव्हाळ आणि सावळ्या कांतीला अंजिरी आणि डाळिंबी डोळे मिटून घ्या. त्यांत लालसर झाक आहे, त्यामुळे चेहरा उजळ दिसतो. वांगी रंग संध्याकाळच्या कार्यक्रमाला फार सुंदर. लव्हेंडरबद्दल मात्र स्पष्ट सांगते: तो अख्ख्या पापणीवर लावू नका. फिक्या शेडमध्ये पांढरा रंग मिसळलेला असतो आणि सावळ्या त्वचेवर तो राख फासल्यासारखा दिसतो. माझ्या डोळ्यांवर तसाच दिसला. तोच लव्हेंडर गडद वांगीच्या वर, पापणीच्या मधोमध बोटाच्या टोकानं टेकवला तेव्हा छान चमकला.

जांभळ्याच्या समोरचा रंग पिवळा. म्हणून हळदीला पिवळी साडी नेसणार असाल, तर डोळ्यांवर अंजिरी आणि आतल्या कोपऱ्यात सोनेरी शिमरचा एक ठिपका लावून बघा. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका नवरीच्या हळदीला आम्ही हेच केलं होतं. तिच्या आईनं आधी नको म्हटलं आणि मग स्वतःच्या डोळ्यांनाही तेच लावून घेतलं.

डाग-डाग का बसतो?

तपकिरी आयशॅडो कुठलीही घ्या, बरी बसते. जांभळीचं तसं नाही. तपकिरी शेडमध्ये लोहाची ऑक्साइडं असतात, ती थोडी घातली तरी भरपूर रंग देतात. जांभळ्यासाठी मँगनीज व्हायलेट किंवा अल्ट्रामरीन वापरतात. त्यांची रंग देण्याची ताकद कमी, म्हणून ते जास्त भरावे लागतात आणि पावडर कोरडी, खरखरीत होते. ब्रश घासला की कुठे रंग दिसतो, कुठे पापणीच दिसते.

उपाय सोपा आहे. घासू नका, थोपटा. सपाट ब्रशनं रंग टेकवत टेकवत बसवा आणि मग फक्त कडा स्वच्छ, मऊ ब्रशनं पसरवा. एकदम गडद करायला जाऊ नका, दोन पातळ थर द्या. शिमरला ब्रशपेक्षा अनामिकेचं बोट बरं.

आणि एक गोष्ट कृपा करून लक्षात ठेवा: आधी डोळे, मग फाउंडेशन. जांभळी भुकटी डोळ्यांखाली सांडतेच. काळी वर्तुळं असतील तर ती आणखी गडद दिसतात आणि बाई आजारी असल्यासारखी वाटते. डोळे झाल्यावर सांडलेलं कापसानं पुसून घ्या आणि त्यानंतर चेहऱ्याचं करा.

सोलापूरचं ऊन

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो, म्हणून एका डोळ्यावर नुसती आयशॅडो आणि दुसऱ्या डोळ्यावर कन्सिलरचा, म्हणजे डाग झाकायच्या क्रीमचा, अगदी पातळ थर, त्यावर लूज (सुटी) पावडर आणि मग आयशॅडो, असं करून बघितलं. सकाळी दहाला लावली. दुपारी अडीचला उन्हातून नवी पेठेत जाऊन आले. आरशात पाहिलं तर नुसत्या पापणीवर रंग घडीत गोळा होऊन पेन्सिलीनं ओढल्यासारखी बारीक रेघ झाली होती. दुसऱ्या पापणीवर रंग संध्याकाळी साडेसहापर्यंत जागच्या जागी होता. तेव्हा कन्सिलर-पावडरीला पाच मिनिटं द्याच. कन्सिलर जाड लावला तर मात्र उलटं होतं, रंग लवकर घडीत जातो.

काजळाची सवय आहे तर जरूर लावा, पण पापण्यांच्या केसांच्या मुळाशीच. अख्ख्या पापणीवर काजळ पसरून त्यावर जांभळा लावायचा प्रकार फोटोत छान दिसतो. आपल्या उन्हात तो दोन तासांत ओघळतो.

पॅलेट गाडीच्या डिकीत ठेवू नका. दणक्यांनी शेडचा भुगा होतो.

डब्याच्या मागे काय वाचायचं

हा भाग मी मुद्दाम लिहिते आहे. काही वर्षांपूर्वी एका घाऊक व्यापाऱ्याकडून आम्ही एक स्वस्त जांभळी पॅलेट आणली होती. डब्यावर घटकांची यादी नव्हती. आमच्या एका नेहमीच्या ताईंनी ती लावली आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या पापण्या लाल होऊन सुजल्या. त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावं लागलं. त्या आमच्यावर रागावल्या नाहीत, पण मला कित्येक दिवस झोप लागली नाही. तेव्हापासून घटकांची यादी, बॅच नंबर, परवाना नंबर आणि वापरायची मुदत छापलेली नसेल तर तो माल आम्ही दुकानात घेत नाही. परदेशी माल असेल तर आयातदाराचं नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांकही बघतो. तुम्हीही बघा, कुठूनही घ्या.

यादीत रंगांचे नंबर असतात, त्यांच्या आधी सीआय म्हणजे कलर इंडेक्स असं लिहिलेलं असतं. सीआय ७७७४२ म्हणजे मँगनीज व्हायलेट, सीआय ७७००७ म्हणजे अल्ट्रामरीन. सीआय ७५४७० दिसला तर थांबा: तो कार्माइन, कोचिनिअल नावाच्या किड्यांपासून काढलेला लाल रंग. जांभळ्या-गुलाबी शेडमध्ये तो सर्रास असतो आणि काहींना त्याची ॲलर्जीही होते. आमच्या अनेक ग्राहक शाकाहाराच्या बाबतीत काटेकोर आहेत, त्यांनी हा नंबर आवर्जून शोधावा. या पॅलेटमध्ये डाळिंबी आणि एका गुलबक्षी शिमरमध्ये कार्माइन आहे, बाकी दहा शेडमध्ये नाही.

डब्यावर उघड्या बरणीचं छोटं चित्र असतं, त्यात १२ किंवा २४ लिहिलेलं असतं. उघडल्यापासून तितके महिने वापरायची. उघडलेली तारीख डब्याखाली पेनानं लिहून ठेवा, नाहीतर लक्षात राहत नाही.

रात्री काढताना पाण्यानं घासू नका. गडद जांभळा पापणीवर गुलाबीसर डाग सोडतो. खोबरेल तेलाचा किंवा मेकअप रिमूव्हरचा बोळा अर्धा मिनिट मिटल्या डोळ्यावर ठेवा आणि हळूच खाली ओढा.

ट्रायल

ट्रायलचे पैसे नाहीत आणि ट्रायल घेतली म्हणून विकत घेतलंच पाहिजे असंही नाही. टेस्टरला, म्हणजे लावून बघायला ठेवलेल्या डब्याला, आम्ही कोणाचं बोट लावू देत नाही, कृपया राग मानू नका. डोळे येणं, रांजणवाडी अशा डब्यांतूनही पसरू शकते. रंग खरवडून वेगळ्या ताटलीत काढतो आणि प्रत्येकीला नवा कापूसबोळा देतो. डोळे आलेले असतील तर आठवडाभर थांबून या. लेन्स वापरत असाल तर आधी लेन्स, मग मेकअप.

त्वचा नाजूक असेल तर पहिल्या दिवशी फक्त कानामागे थोडा रंग लावून देऊ. दोन दिवसांत खाज किंवा पुरळ आलं नाही तर परत या, मग डोळ्यांवर लावू.

शक्यतो सकाळी अकरा ते एकच्या दरम्यान या. दाराजवळच्या आरशात तेव्हा चांगला उजेड असतो, ट्यूबलाइटमध्ये जांभळा वेगळाच दिसतो. चेहरा धुऊन, काही न लावता या. लग्नकार्यासाठी बघत असाल तर साडीचा ब्लाउजपीस पिशवीत टाकून आणा, म्हणजे शेड त्याला लावूनच ठरवू.