नाणेघाटात पाणी वर का जातं?

जुलै उजाडला की नाणेघाटाचा व्हिडिओ फोनवर येणार हे ठरलेलं. कड्यावरून खाली उडी घेतलेलं पाणी मध्येच माघारी फिरतं आणि वर पठारावर उभ्या असलेल्यांना भिजवतं. सोबत ओळ असते, ‘इथे गुरुत्वाकर्षण चालत नाही’. कुणी त्यात डोंगरातलं चुंबक घालतं, कुणी लेण्यांमधली प्राचीन ऊर्जा. या ओळीचा मला मनापासून राग येतो. खरं कारण याहून कितीतरी देखणं आहे आणि त्याला शाळेतलं भौतिकशास्त्र पुरतं.

मुंबईकराला ही एका दिवसाची वाट. कल्याणहून मुरबाड-माळशेज रस्त्याने वैशाखरे गाठायचं आणि तिथून चढायला लागायचं. सातवाहनांच्या काळात सोपारा आणि कल्याण बंदरांत उतरलेला माल याच घाटाने जुन्नरला जायचा. माथ्याजवळच्या गुहेत राणी नागनिकेचा दोन हजार वर्षांहून जुना ब्राह्मी लेख आहे. यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण नाण्यांचे आकडे त्यात कोरलेत. शंभराला एक खूण, तिला चाराची खूण जोडली की चारशे. शून्य नाही, स्थानमूल्य नाही, तरी हजारोंचा हिशेब चोख. पावसाळ्यात त्या अंधारात टॉर्च तिरका धरला की अक्षरांच्या कडा उठून दिसतात. गर्दी मात्र सगळी बाहेर, कड्यावर.

आता वाऱ्याकडे येऊ. पावसाळ्यात कोकणावर वारा समुद्राकडून, पश्चिमेच्या अंगाने वाहतो आणि सह्याद्रीची भिंत त्याला जवळजवळ काटकोनात आडवी येते. डोंगराच्या आरपार जाता येत नाही, तेव्हा हवा कड्याला घासत वर चढते. त्यात नाणेघाट म्हणजे खिंड. रुंद पसरलेली हवा तिथे अरुंद जागेत कोंबली जाते आणि तिचा वेग वाढतो. व्यापाऱ्यांच्या बैलांनी डोंगर ओलांडायला जी फट शोधली, तीच वाऱ्यालाही सोयीची.

पण वारा पाण्याला उचलतो म्हणजे नेमकं काय करतो? इथे थेंबाचा आकार बघावा लागतो, आणि मला सगळ्यात आवडतो तो हाच भाग. पडणाऱ्या थेंबाला वजन खाली खेचतं आणि हवा अडवते. वजन व्यासाच्या घनाने वाढतं, अडथळा व्यासाच्या वर्गाने आणि वेगाच्याही वर्गाने. दोन्ही समसमान झाले की वेग वाढायचा थांबतो. हा थेंबाचा अंतिम वेग. अर्ध्या मिलिमीटरच्या थेंबाचा तो सेकंदाला सुमारे २ मीटर, १ मिलिमीटरचा ४ मीटर, ३ मिलिमीटरचा ८ मीटर. मग १० मिलिमीटरच्या थेंबाचा किती? असा थेंब पावसात सापडतच नाही! पाच-सहा मिलिमीटरच्या पुढे हवेचा दाब पृष्ठताणाला, म्हणजे थेंबाला एकत्र बांधून ठेवणाऱ्या ताणाला, भारी पडतो. थेंब खालून चपटा होतो, पॅराशूटसारखा फुगतो आणि फुटतो. (चित्रांत थेंब वर टोकदार काढतात, तसा पडणारा थेंब कधीच नसतो.) म्हणून हवेच्या तुलनेत थेंबाला साधारण सेकंदाला ९ मीटर, म्हणजे ताशी ३२ किलोमीटर, यापेक्षा वेगाने पडताच येत नाही.

याचा अर्थ असा की वर चढणाऱ्या हवेचा उभा वेग सेकंदाला ९ मीटरच्या पुढे गेला, तर कुठलाही थेंब खाली येऊ शकत नाही. छोटे थेंब तर त्याच्या निम्म्या वेगालाही उलटतात.

दाबाच्या भाषेतही हे मोजता येतं. हवेची घनता घनमीटरला १.२ किलो धरली, तर सेकंदाला १० मीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब ६० पास्कल भरतो. ६ मिलिमीटर जाडीच्या पाण्याच्या थराचं वजनही प्रत्येक चौरस मीटरवर तेवढाच दाब देतं. वेग दुप्पट केला की दाब चौपट, म्हणजे २४ मिलिमीटरच्या थराइतका. घरी टेबलफॅनसमोर इस्त्रीच्या स्प्रेबाटलीतून पाणी उडवा आणि मग तांब्यातून धार ओता. फवारा उडून जातो, धार जेमतेम वाकते. पाणी तेच, वारा तोच, फरक फक्त फुटण्याचा.

म्हणूनच ढगफुटीसारखा पाऊस झालेल्या दिवशी नाणेघाटात गेलेले निराश होऊन येतात. ओढा भरून वाहतो, धार जाड असते, ती न फुटता सरळ खाली कोसळते आणि फक्त तिच्या कडेचे तुषार वर जातात. ओढा बारीक आणि वारा सणसणीत असेल, तर अख्खा धबधबा उलटतो. आंबोलीच्या कावळेसादलाही हेच घडतं.

कड्यावर मी उभा होतो तेव्हा पाऊस हनुवटीखालून टोपीत शिरत होता, रेनकोट खालून वर फुगत होता. तिथे वाऱ्यावर रेलून फोटो काढायचा मोह होतो. ताशी ७२ किलोमीटरचा झोत उभ्या माणसाला १५-१७ किलो वजनाइतक्या जोराने मागे ढकलतो. आपण नकळत तेवढं पुढे झुकतो, आणि झोत एका क्षणात पडतो तेव्हा समोर फक्त दरी असते. कड्यापासून चार पावलं मागेच थांबा.

मागे थांबलं की आणखी एक गोष्ट दिसते. कड्याच्या धारेवरून सुटलेली हवा पठारावर मंदावते. वर उडालेलं पाणी तिथे दगडांवर पडतं, उताराने वाहत ओढ्याला मिळतं आणि पुन्हा त्याच कड्यावरून उडी घेतं. वारा टिकला, तर तेच पाणी पुन्हा पुन्हा परत येत राहतं आणि खालच्या खडकावर थेंबही पोहोचत नाही.