दोन मुलांची सोय

गाणाऱ्या मुलांचं एखादं पथक दौऱ्यावर मुंबईत येणार असलं, की उपासना संपताना पाळक सूचनांच्या कागदावरून एक वाक्य हमखास वाचतात : "ज्यांच्याकडे दोन मुलांची सोय होईल त्यांनी चिटणीसांकडे नाव द्यावं." भायखळ्याच्या आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, हे ऐकलं की माणसं आधी आपल्या चपलांकडे बघत. घर बारा बाय दहाचं, त्यात आजीचा पलंग, दहावीला बसलेला मुलगा आणि मोरीला पडदा. तरी आठ-दहा नावं जमायचीच. कार्यक्रमाच्या दिवशी दिसतात ती एकसारख्या पोशाखातली मुलं, टाळ्या आणि फिरणारी अर्पणाची थैली. पण हे सगळं उभं असतं त्या सोयीवर. मुलं रात्री कुठे झोपतात, जेवतात कुणाकडे आणि थैलीतले पैसे जातात कुठे, एवढं विचारत मागे मागे गेलं तर या दौऱ्यांचा इतिहास बऱ्यापैकी हाती लागतो.

युरोपात चर्चसाठी गाणारी मुलं फार जुनी. लाइपझिगच्या सेंट थॉमस चर्चचं मुलांचं गायकवृंद १२१२ सालापासूनचं मानतात. व्हिएन्नाच्या राजदरबारात सम्राट मॅक्सिमिलियनने १४९८ मध्ये मुलांचे आवाज ठेवले, तिथून आजच्या व्हिएन्ना बॉईज क्वायरची परंपरा सांगितली जाते. या मुलांची सोय चोख होती. घर सोडायचं, चर्चच्या किंवा दरबाराच्या आश्रयाला राहायचं, लॅटिन शिकायचं, गायचं, आणि आवाज फुटला की बाजूला व्हायचं. मूल घरापासून तुटायचं खरं, पण गाव सोडून गात हिंडायची वेळ सहसा त्याच्यावर येत नसे. गाणं त्या एका घुमटाखालचं.

ते रस्त्यावर आलं पैशापायी. १९१८ साली ऑस्ट्रियाचं साम्राज्य कोसळलं, दरबार गेला, मुलांचा खर्च उचलणारं कुणी राहिलं नाही. दरबारी चर्चचे रेक्टर योझेफ श्निट यांनी १९२४ मध्ये पथक पुन्हा उभं केलं आणि १९२६ पासून ते बाहेर कार्यक्रम करू लागलं. कट्यारीसह असलेला शाही गणवेश जाऊन खलाशाचा पोशाख आला. आज साधारण शंभर मुलं चार पथकांत वाटलेली असतात. एक पथक घरी, दुसरं कुठेतरी विमानात. मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको. आपल्याकडच्या संगीत नाटक कंपन्यांची बिऱ्हाडं अशीच गावोगाव हलत. चौदाव्या वर्षी किर्लोस्कर मंडळीत शिरलेले मास्टर दीनानाथ अशाच बिऱ्हाडात वाढले. राजाश्रय आटला की गळा तिकिटावर येतो, हा हिशेब दोन्हीकडे सारखाच.

याच व्हिएन्नात मोझार्टच्या नावाचं मुलांचं आणखी एक पथक होतं. १९३९ मध्ये ते ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर असताना, पर्थ शहरात मुक्काम असतानाच, महायुद्धाची बातमी आली. परतीचा रस्ता बंद. वीसेक मुलं, आणि ऑस्ट्रिया जर्मनीत सामील झालेला, म्हणून ती आता शत्रुराष्ट्राची. मेलबर्नचे आर्चबिशप डॅनियल मॅनिक्स यांनी तोडगा काढला : मुलांनी सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रलमध्ये गावं, आणि गावातल्या कॅथलिक कुटुंबांनी त्यांना घरी ठेवावं. काही दिवसांची सोय काही वर्षांची झाली. त्यांचे संचालक गेओर्ग ग्रुबर यांना पुढे अटकेत ठेवलं. मुलांपैकी बरीच ऑस्ट्रेलियातच रमली, तिथलीच झाली. "दोन मुलांची सोय" हे वाक्य ऐकून ज्यांनी तेव्हा हात वर केला असेल, त्यांना आपण कशाला हो म्हणतोय याची कल्पना तरी होती का?

ख्रिस्ती दौऱ्याचा दुसरा झरा अमेरिकेतला, आणि तो जास्त जवळचा वाटतो. १८७१ साली टेनेसी राज्यातल्या फिस्क विद्यापीठाला टाळं लागायची वेळ आली होती. गुलामगिरीतून सुटलेल्यांसाठीची ती शाळा. खजिनदार जॉर्ज व्हाइट यांनी नऊ विद्यार्थ्यांना घेऊन दौरा काढला. ही लहान मुलं नव्हेत, तरुण मुलं-मुली. बहुतेक जण गुलामगिरीत जन्मलेले. त्यांच्या सोयीची गोष्ट अशी की कातडीचा रंग बघून हॉटेलं दार लावून घेत. आणि तरीही शिकागोच्या मोठ्या आगीनंतर सुरुवातीच्या एका कार्यक्रमाची सगळी मिळकत, पन्नास डॉलरहूनही कमी, त्यांनी आगग्रस्तांना देऊन टाकली. पुढे ते इंग्लंडला गेले, राणी व्हिक्टोरियासमोर गायले आणि जमलेल्या पैशांतून विद्यापीठाची ज्युबिली हॉल ही इमारत उभी राहिली. त्यांच्यातलेच फ्रेडरिक लाउडिन यांनी नंतर आपलं पथक घेऊन १८८४ ते १८९० अशी सहा वर्षं जग पालथं घातलं. त्यात हिंदुस्थानही होता. संस्था अडचणीत, म्हणून तिची लेकरं गात निघतात आणि ऐकणारे थैलीत टाकतात, हा साचा तिथे पक्का झाला.

त्याच साच्यातून विसावं शतक निघालं. कोरियातल्या युद्धानंतर वर्ल्ड व्हिजन या संस्थेने १९६० मध्ये अनाथ मुलांचं गायकवृंद काढलं. पुढे नावातला 'अनाथ' हा शब्द गळाला, पथक राहिलं. १९८४ मध्ये रे बार्नेट यांनी यादवीत होरपळलेल्या युगांडातून आफ्रिकन चिल्ड्रन्स क्वायर उभं केलं. १९९४ पासून कंपालाच्या वाटोटो संस्थेची मुलं निघाली. 'वाटोटो' म्हणजे स्वाहिलीत मुलंच. या पथकांचा दिनक्रम ठरलेला : महिनोन् महिने दौरा, एक बस, सोबत मोठी माणसं आणि शिकवणारे, सकाळी चर्चच्या एखाद्या खोलीत अभ्यास, संध्याकाळी गाणं, आणि रात्री त्या गावच्या मंडळीतल्या कुटुंबांकडे मुक्काम. उद्या दुसरं गाव, दुसरं घर, दुसऱ्या बाईच्या हातचं जेवण.

या सोयीला विष कसं चढतं तेही याच काळात दिसलं. नव्वदच्या दशकात टेक्सासमधल्या एका संस्थेने झांबियातून मुलगे नेले. तुम्ही गा, आम्ही तुम्हाला शिकवू, गावात शाळा बांधू, घरी पैसे पाठवू, असं सांगून. गाणं झालं, दिवसाला चार-पाच, कधी सात कार्यक्रम. बाकीचं काहीच झालं नाही. गायला नाही म्हटलं की स्वयंपाकाचा गॅस बंद. २००० साली सरकारने मुलांना सोडवलं आणि त्याच वर्षी अमेरिकेत मानवी तस्करीविरुद्धचा कायदा झाला. प्रेक्षकांत बसलेल्या भल्या माणसांना यातलं काही दिसलं नव्हतं. ते रडले होते, त्यांनी पैसे दिले होते. मला यातली सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते.

आता आपल्याकडे. पश्चिम किनाऱ्यावर ख्रिस्ती गाणं मुलांच्या तोंडून आणि रस्त्यावरूनच सुरू झालं म्हणायला हरकत नाही. १५४२ मध्ये गोव्यात उतरलेला फ्रान्सिस झेवियर घंटा वाजवत गल्लीबोळांतून मुलं गोळा करी आणि श्रद्धेची वाक्यं त्यांच्याकडून गाऊन घोकून घेई. १६१६ मध्ये थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूचं 'क्रिस्तपुराण' आलं, आपल्या ओवीत. मुंबईत अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ च्या फेब्रुवारीत उतरले आणि मराठी मिशनची सुरुवात झाली. पण मुंबईच्या रस्त्यावर ख्रिस्ती गाण्याने खरा गोंधळ घातला तो १८८२ च्या सप्टेंबरात. मुक्तिफौजेचे, म्हणजे साल्व्हेशन आर्मीचे, फ्रेडरिक टकर आणि त्यांचे तीन साथीदार देशी वेशात उतरले आणि वाजतगाजत निघाले. पोलिसांनी अटक केली, दंड झाले, टकरना तुरुंगही झाला. भर रस्त्यात गोऱ्या माणसांनी देशी वेशात गाणं म्हणावं, हेच मुळी गोऱ्या सरकारला झेपेना.

मराठी मंडळींना मात्र वाजतगाजत जायला कुणी शिकवायची गरज नव्हती, कीर्तन होतंच. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनच्या लोकांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ख्रिस्ती कीर्तन उचलून धरलं. कृष्णराव रत्नाजी सांगळे हे त्यातलं मोठं नाव. त्यांची पदं आजही 'उपासना संगीत' हे आमचं गीतांचं पुस्तक उघडलं की भेटतात. कीर्तनकार पुढे आणि मागे झील धरणारी, म्हणजे त्याची ओळ उचलून गाणारी, चार माणसं. या झीलकऱ्यांत पोरं असायचीच, कारण वरच्या सुरात झील द्यायला कोवळा गळा बरा पडतो. मग १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक आले. अभंग, भजन, कीर्तन सगळं त्यांनी ख्रिस्ताच्या पायी आणून ठेवलं. मराठी शाळेतल्या मुलांना ते फुलामुलांचे कवी म्हणून ठाऊक. आम्हाला शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेत, ते गाण्याच्या पुस्तकातले 'ना. वा. टि.'. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात १९०५ च्या आध्यात्मिक जागृतीनंतर मुलींच्या टोळ्या गात, प्रार्थना करत गावोगाव जाऊ लागल्या. दुष्काळातून आलेल्या मुली त्या. त्यांना बघायला नव्हे, त्यांचं ऐकायला लोक जमावेत, एवढा फरक मला इथे महत्त्वाचा वाटतो.

पुढे नगर-सोलापूर-जालन्याकडची ख्रिस्ती माणसं पोटासाठी मुंबईत आली, आणि मुंबईतल्या मुलांचा उलटा दौरा सुरू झाला : मे महिन्यात गावाकडे. १९८६ मध्ये मी अशा दौऱ्यावर गेले, अकरा वर्षांची असताना. आम्ही सोळा मुलं, पाळकबाई, एक पेटीवाले काका आणि तबलजी म्हणून कॉलेजातला एक दादा. मुंबई सेंट्रलहून पहाटेचा लाल डबा. पेटी टपावर द्यायला काकांनी साफ नकार दिला, त्यामुळे माळशेज घाटभर ती दोघांच्या मांडीवर होती आणि प्रत्येक वळणावर भात्यातून एक हुंकार निघत होता. पाळकबाईंच्या पिशवीत खडीसाखर आणि ज्येष्ठमध. बर्फाचा गोळा खाताना जो सापडेल तो दुसऱ्या दिवशी मागच्या रांगेत. पदाच्या माथ्यावर छापलेली चाल आणि नगरकडच्या मंडळीत चालणारी चाल वेगळी, असं पहिल्याच संध्याकाळी कळलं. आम्ही एका चालीत उचललं आणि समोरच्या म्हाताऱ्या बायांनी दुसऱ्या. दोन ओळी तसंच चाललं. मग काकांनी पेटी थांबवली, हसले, आणि त्यांच्या चालीत शिरले. आम्हीही गेलो मागून, झीलकऱ्यांसारखे.

रात्री वाटणी व्हायची, दोघी-दोघी. एकटं कुणाला पाठवायचं नाही हा नियम, कारण विचारायचं नाही. माझी जोडीदारीण दिवसभर खिदळायची आणि अंथरुणावर पडली की रडायची. तिसऱ्या गावच्या बाईंनी काही न बोलता आपली गोधडी आमच्या दोघींच्या मधे टाकली आणि स्वतः तिथेच आडव्या झाल्या. सकाळी पिठलं-भाकरी आणि निघताना "सलाम, पोरींनो."

एका ठिकाणी मात्र बिनसलं. यजमान मंडळीतल्या कुणी कार्यक्रमाआधी सांगितलं, की ही मुंबईच्या झोपडपट्टीतली गरीब, निराधार मुलं आहेत, सढळ हाताने अर्पण द्या. आमच्यातल्या एकाचे वडील रेल्वेत, एकीची आई नर्स, माझे बाबा महापालिकेत. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि गायला लागलो. थैली खरोखरच जड झाली. घरी येऊन हे मी मजेत सांगितलं तर आई लाटणं तसंच हातात धरून उभी राहिली. "निराधार? आणि मी कोण?" एवढंच म्हणाली. पुढच्या वर्षी पाळकबाईंनी ओळख करून द्यायचं काम स्वतःकडे घेतलं : नाव, इयत्ता, आणि "हा खालचा सूर सांभाळतो."

आता बाहेरून येणारी पथकं बऱ्याचदा शाळेच्या हॉलमध्ये किंवा वसतिगृहात उतरवतात. पालकांची लेखी संमती, सोबतच्या मोठ्यांची चौकशी, मुलांचे फोटो कुणी काढायचे याची यादी. चांगलंच आहे. आमच्या वेळी चिटणीसांकडे एक वही होती, लाल पुठ्ठ्याची, रेघा मारून रकाने पाडलेली : घरमालकाचं नाव, मजला, पंखा, संडास आत की बाहेर. त्यांच्या पश्चात ती वही चर्चच्या कपाटात सापडली तेव्हा मी आमचं पान काढून बघितलं. बाबांच्या नावापुढे पेन्सिलीने लिहिलं होतं : तिसरा मजला, पंखा आवाज करतो, संडास बाहेर, माणसं बरी, दोन चालतील.